चर्चचे फोटो छापता, त्यातली माणसं कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वसईतल्या चर्चेसचे पानभर फोटो आले होते, त्याबद्दल आधी आभार, कारण एरवी आमच्या भागाचं नाव पेपरात येतं ते एकतर अनधिकृत बांधकामामुळे नाहीतर पाणी तुंबलं म्हणून. फोटो सुंदरच आहेत, ड्रोनवरून घेतलेले दिसतायत, रोषणाई काय, तारे काय, निळ्या आभाळात पांढरा मनोरा काय, सगळं झकास. पण ते पान मी नीट बघितलं आणि आमच्या मिस्टरांना दिलं, म्हटलं ह्यात एक माणूस शोधून दाखवा. चष्मा लावून त्यांना एक सापडला, तोही पार्किंगमधला वॉचमन.

गंमत सोडा, पण हे पत्र लिहायला बसले त्याला अजून एक कारण आहे. सध्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीत, जुनं चर्च पाडून नवीन मोठं बांधायचं चाललंय, नाव लिहीत नाही, उगाच वाद वाढायला नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी थ्रीडी चित्र टाकतो, मग मार्बल कुठला, मनोरा किती उंच, एसी सेंट्रल की स्प्लिट, आणि शेजारच्या गावाचं एवढं भव्य झालं मग आपलंच का असं बुटकं, अशी चर्चा दुपारपर्यंत चालते. मी काही नव्या बांधकामाच्या विरोधात नाही, ते पुढे लिहितेच. पण एवढ्या मेसेजमध्ये आत बसणार कोण, एकमेकांना ओळखतात तरी का, हे कोणी एकदाही विचारलेलं मी वाचलं नाही, आणि तुमचं ते पान बघून वाटलं की हा रोग आमच्या ग्रुपपुरता नाहीये.

वसईच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको, कारण आमच्याकडे किल्ल्यात ह्याचा पुरावाच उभा आहे. किल्ल्यात कधी आलात तर बघा, सेंट जोसेफ, मग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन ह्या पाद्र्यांच्या संघांची, अशी एकेक दगडी चर्चेस, भिंती शाबूत, छप्पर गायब, आत पिंपळ आणि वटवाघळं. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये तर फरशीतच थडगी आहेत, त्यावर पोर्तुगीजमध्ये कोरलेली मोठमोठी नावं, आणि त्या नावांवर पाय देऊन हल्ली प्रीवेडिंग शूटिंग चालतं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले, सरदार गेले. घंटासुद्धा गेल्या, नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात जी प्रसिद्ध घंटा आहे ती वसईचीच म्हणतात, तिच्यावर १७२१ साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आहे आणि क्रूसही आहे. तिथे त्या चांगल्या सांभाळल्यात, माझी काही तक्रार नाही.

आता हिशोब करा. इमारती पडल्या, घंटा गेल्या, राजाश्रय गेला. ज्यांना वाटतं की चर्च म्हणजे ती वास्तू, त्यांच्या हिशोबाने वसईतला ख्रिस्ती समाज १७३९ लाच संपायला पाहिजे होता. पण नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर, पापडी, आगाशी, कुठेही रविवारी सकाळी या, बाहेर गाडी लावायला जागा मिळणार नाही. जे टिकलं ते किल्ल्याबाहेर टिकलं, केळी आणि पानवेली लावणाऱ्या, मासे मारणाऱ्या लोकांमध्ये टिकलं, ज्यांची नावं कुठल्याच फरशीवर कोरलेली नाहीत.

आणि ते कसं टिकलं हे मी लहानपणी थोडंफार बघितलंय, कारण माझी आजी त्याच साच्यातली होती. तिच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची, फादर वेदीकडे तोंड करून पुटपुटणार आणि पाठीमागे आमच्या बायका आपापली जपमाळ ओढत बसणार, कोणाला एक अक्षर कळत नव्हतं. मराठी मिस्सा आली ती रोममध्ये जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली त्यानंतर, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटी. मग एवढी वर्षं ह्या लोकांना धर्म शिकवला कोणी? घरच्या बायकांनी, आणि गावच्या क्रूसाने. प्रत्येक आळीला एक क्रूस असतो बघा, चुना लावलेला, समोर मेणबत्ती लावायला कोनाडा, मे महिन्यात संध्याकाळी सगळी आळी तिथे जमते. प्रार्थना म्हणायची, गाणी म्हणायची, मग चणे नाहीतर शेव वाटायची आणि त्यानंतर खरा कार्यक्रम, म्हणजे कोणाची मुलगी बघायला आले, कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी आजारी आहे. आजीला लिहितावाचता येत नव्हतं पण कुठल्या घरात आज भात शिजला नाही हे तिला क्रूसापाशी पाच मिनिटं बसून कळायचं. मुंबईत गावठाणांमधून फिरलात तर असे क्रूस पुष्कळ दिसतील, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत, साथीच्या भीतीने लोकांनी आपल्या गल्लीतच क्रूस उभा केला आणि तिथेच प्रार्थना केली.

हे नुसतं आमच्या गावापुरतं नाही, ह्याचं जगातलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण आहे जपानमध्ये, आणि त्याला वसईचा धागा आहे, जो बऱ्याच वसईकरांनासुद्धा माहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संत गोन्सालो गार्सिया आमचे. वसईत जन्मले, किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकले, पुढे जपानला गेले, तिथे आधी व्यापार केला, भाषा पक्की शिकले आणि मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ब्रदर, म्हणजे मिस्सा करणारे फादर नाही, हे लक्षात ठेवा. जपानी चांगली येत असल्याने मिशनऱ्यांचे दुभाषी. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून मारलं त्यात हे एक. १८६२ मध्ये पोपने त्या २६ जणांना संत म्हणून जाहीर केलं, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, फेब्रुवारीत त्यांचा सण असतो. इथपर्यंत आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतात, आणि इथेच थांबतात.

पण नंतर काय झालं ते ऐका. १६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली. चर्चेस पाडली, पाद्री हाकलले, जे लपून राहिले त्यांना मारलं. लोकांना येशूच्या किंवा मारियाच्या चित्रावर पाय ठेवून दाखवायला लावायचे, नागासाकीत तर हे दरवर्षी असायचं, नाही ठेवला तर गेलात. म्हणजे चर्च शून्य, फादर शून्य, मिस्सा शून्य, आणि हे सुमारे अडीचशे वर्षं. नागासाकीजवळ उराकामी म्हणून गाव आहे, तिथल्या शेतकऱ्यांनी काय केलं, तर कामं वाटून घेतली. एकाकडे कॅलेंडर, म्हणजे नाताळ कधी, ईस्टर कधी, उपवासकाळ कधी सुरू होतो हा हिशोब त्याने ठेवायचा. एकाने बाप्तिस्मा द्यायचा, त्याचे शब्द पाठ करून पुढच्याला शिकवायचे. आणि काही जणांनी घरोघर जाऊन निरोप द्यायचे की अमुक दिवशी सण आहे, कामाला जाऊ नका. घरात बुद्धधर्मातल्या कान्नोन देवीची मूर्ती ठेवायची आणि तिच्यासमोर मारियाची प्रार्थना म्हणायची. सात-आठ पिढ्या हे चाललं, त्यातल्या नंतरच्या पिढ्यांनी तर आयुष्यात कधी चर्च बघितलं नव्हतं.

मग जपानची दारं परदेशी लोकांना उघडली, आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत तिथल्या परदेशी लोकांसाठी ओउरा इथे चर्च बांधलं. १७ मार्च १८६५, नवीन चर्च उघडून जेमतेम महिना झालेला, उराकामीहून पंधराएक माणसं आली, इकडेतिकडे बघत आत शिरली, आणि फादर पेतीजाँ प्रार्थना करत बसलेले त्यांच्याजवळ जाऊन एका बाईने हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? त्या फादरना काय वाटलं असेल! ते इमारत बांधून लोकांची वाट बघत होते आणि लोक अडीचशे वर्षं इमारतीविना तयारच होते.

आता ह्यातली वसईची गोष्ट. ते ओउरा चर्च कोणाच्या नावाने बांधलंय माहितीये? त्याच २६ हुतात्म्यांच्या. म्हणजे आमच्या गार्सियांच्या पण. वसईचा पोरगा जिथे मारला गेला तिथल्या लोकांनी चर्च नसताना चर्च टिकवलं, आणि वसईत आम्ही मार्बलवरून भांडतोय.

पुढचं पण सांगायला पाहिजे. तेव्हा बंदी उठली नव्हती, त्यामुळे उघडे पडल्यावर ह्या उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना घरंदारं सोडायला लावून देशभर पांगवलं, त्यात कितीतरी मेले. १८७३ ला परत आले. आणि परत आल्यावर त्यांनी काय करावं, तर ज्या मुखियाच्या वाड्यात त्यांना चित्रावर पाय ठेवायला लावायचे तीच जागा पैसे जमवून विकत घेतली आणि तिथे चर्च बांधायला घेतलं. गरीब शेतकरी, थोडे पैसे आले की थोड्या विटा, १८९५ ला सुरू केलेलं काम १९१४ ला संपलं, मनोरे तर १९२५ ला. मग ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तो ह्या चर्चपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. चर्च गेलं, आत कन्फेशनला, म्हणजे फादरांपाशी पापं कबूल करायला, आलेले लोक गेले, उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मेले असं सांगतात. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री उरलेल्या लोकांनी ढिगाऱ्यातून घंटा उकरून काढली, ओंडक्यांना टांगली आणि वाजवली. आजचं चर्च १९५९ चं. म्हणजे हे लोक बांधकामाच्या विरोधात होते असं कोणी म्हणू नये, त्यांच्याइतक्या चिकाटीने कोणी बांधलं नसेल. पण त्यांच्याकडे आधी काय होतं आणि नंतर काय आलं, हा क्रम बघा एवढंच म्हणतेय.

बरं, जपान लांब राहिलं, २०२० तर आपण सगळ्यांनीच बघितलंय. मार्चमध्ये चर्चेस बंद झाली ती १६ नोव्हेंबरला उघडली, दिवाळी पाडव्याला, मग पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत बंद ते थेट ऑक्टोबरपर्यंत. गुड फ्रायडे, ईस्टर, लग्नं, सगळं यूट्यूबवर. आमच्या घरात मिस्टर शर्ट इन करून सोफ्यावर बसायचे आणि मी मिस्सा चालू असताना मधेच कुकर बघायला उठायचे, खरं सांगते. तेव्हा मला वाटलेलं की ह्यातून आमचं धर्मग्राम काही परत उभं राहत नाही. पण आमच्या आळीतल्या तीन-चार बायकांनी एक वही केली, साधी दोनशे पानी, शाळेची. प्रत्येक पानावर एक घर. कोणाला बीपीच्या गोळ्या, कोणाला इन्सुलिन, कोणाच्या आजोबांना डायपर, कोणाचा मुलगा जहाजावर अडकलाय आणि घरी सून एकटी, कोणाची रिक्षा बंद. रोज संध्याकाळी फोन करायचे, पानावर टिक करायची. त्या वहीत हिंदू घरं पण होती, एक मुसलमान टेलर पण होता, कारण आळी म्हटल्यावर आळी. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती तर बाकीचे आपापल्या गेटमध्ये मेणबत्ती घेऊन उभे राहायचे, गाडी जाईपर्यंत. ह्यात फादरांनी सांगितलं म्हणून काहीच झालं नाही, त्यांना नंतर कळलं आणि त्यांनी फक्त रेशनचे पैसे दिले, जे त्यांनी द्यायलाच पाहिजे होते.

तसंच आमच्याकडच्या मयताचं. शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून लिहिते. पावसाळ्यात वसईत दोन-अडीच फूट खणलं की पाणी लागतं. जुलैमध्ये कोणी गेलं की सिमेटरीत खड्डा खणायला गावचे पुरुष जातात, आणि खणणं सोपं पण पाणी उपसणं कठीण, एकीकडे बादल्यांनी काढायचं आणि दुसरीकडून बाजूची माती ढासळून परत आत, पंप लावला तर गाळाने चोक होतो. कमरेपर्यंत चिखलात उभे असतात, त्यात बँकेतला मॅनेजर असतो, मासेवाला असतो, नुकतीच बारावी झालेली दोन पोरं असतात, एकमेकांना शिव्या पण देतात मधे मधे. कॉफिन यायच्या पाच मिनिटं आधी तळाला फळ्या टाकतात म्हणजे घरच्यांना पाणी दिसू नये. मग हेच लोक नळावर पाय धुऊन, शर्ट बदलून मागे उभे राहून गाणं म्हणतात. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून वरण-भात येतो, कोणी कोणाला सांगावं लागत नाही. ह्याचा फोटो ड्रोनवरून येणार नाही.

आणि ह्याच ओळखीतून मोठी कामं पण झालीत. १९१८ मध्ये पापडीला मोन्सिन्योर मोनीस ह्यांनी पतपेढी काढली, कारण लोक सावकाराच्या कर्जात बुडालेले. एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांनी एकमेकांवर भरवसा ठेवून पैसे टाकले, आज तीच बॅसीन कॅथॉलिक बँक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ते काय किंवा हरित वसईवाले काय, टँकरवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले ते आधीपासून आळीआळीत एकत्र बसायची सवय होती म्हणून, आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक होते. दिब्रिटो सर २०२४ मध्ये गेले. तेव्हा तुम्ही अग्रलेख लिहिला होतात, चांगला होता.

आता कडू बोलते. मी वर जे लिहिलं ते आळीतलं. पण आमच्या धर्मग्रामात आता निम्मे लोक आळीतले राहिलेत का शंका आहे. स्टेशनच्या बाजूला, नालासोपाऱ्याकडे टॉवर झालेत, मुंबईत परवडत नाही म्हणून लोक येतात, त्यात मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळ, झारखंडचे, सगळे. रविवारी इंग्लिश मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात, संपली की स्टँडवर जाऊन शेअर रिक्षा पकडतात. कोणी त्यांना नाव विचारत नाही. आम्ही जुने गाववाले तर त्यांना सरळ बिल्डिंगवाले म्हणतो. असेच एक आजोबा होते, एकटे राहायचे, वर्षानुवर्षं दर रविवारी ठरलेल्या खांबाला टेकून बसायचे. एक दिवस दिसेनात. ते आजारी होते, मग हॉस्पिटलात, मग गेले, आणि आम्हाला कळलं ते त्यांचा भाचा महिन्याने दाखला न्यायला ऑफिसात आला तेव्हा. तो खांब मात्र नव्या प्लॅनमध्ये कसा जपायचा ह्यावर ग्रुपवर चर्चा झाली, कारण तो हेरिटेज आहे.

आणि अशा वेळी कोणी सांगतं की मोठं चर्च झालं की लोक आपोआप जोडले जातील. कसे? आहे त्यात दोन बाकांमधलं अंतर आम्हाला पार करता येत नाहीये. अंधेरीला सीप्झ ह्या औद्योगिक वसाहतीच्या आत झाडीत एक चर्च आहे, कोंडिविट्याचं, सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १५७९ चं, भिंती बघितल्या तर मान वर करावी लागते. १८४० मध्ये साथ आली आणि लोक तिथून मरोळला गेले, तिकडे त्यांनी नवीन चर्च केलं. मरोळचं चर्च आजही भरलेलं असतं, आणि हे अवशेष आता कुंपणाच्या आत, वर्षातून एकदा मे महिन्यात परवानगी काढून तिथे मिस्सा करतात. कोंडिविट्याचं धर्मग्राम मेलं नाही, ते चालत मरोळला गेलं.

माझ्या ह्या बोलण्यावर एक तरुण मुलगा ग्रुपवर म्हणाला की आंटी, मग आपण झाडाखाली बसू का. नाही रे बाबा. चर्च पाहिजेच. जुलैत क्रूसापाशी उभं राहून दाखव म्हणावं. माणसाला देवासाठी काहीतरी सुंदर बांधावंसं वाटतं त्यात चूक काही नाही, माझं लग्न त्याच जुन्या चर्चमध्ये झालंय, माझ्या मुलांचे बाप्तिस्मे तिथेच झालेत, ते पाडतील त्या दिवशी मी बघायला सुद्धा जाणार नाही. पण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची अडीच-तीनशे वर्षं बहुतेक घरांमधूनच गेली, संत पौल आपल्या पत्रांत अमक्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीला नमस्कार सांगतो, आणि एवढं सगळं पसरलं ते त्या घरांमधूनच पसरलं, हे सांगितलं की लोक म्हणतात ते दिवस वेगळे होते. वेगळे कसले, गेल्या सहा वर्षांत एकदा तेच दिवस येऊन गेले की.

तर धर्मग्रामाच्या सभेत मी जे मांडणार आहे ते इथेही लिहिते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की ह्यांनी काही सुचवलंच नाही, नुसती टीका केली. मनोऱ्याचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. आधी रॅम्प करा, कारण गुडघे गेलेल्या बायका पायऱ्यांना घाबरून घरी टीव्हीवर मिस्सा बघतात. आधी बायकांचं टॉयलेट नीट करा, मी किती वर्षं हे सांगतेय. सिमेटरीत पाण्याचा निचरा करा, त्या पोरांनी किती पावसाळे चिखलात उभं राहायचं. आणि ती २०२० ची वही परत काढा, ह्या वेळी टॉवरमधली घरं पण त्यात घ्या, प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक घर ठरवा जिथे महिन्यातून एकदा सगळे जमतील, मराठी, कोकणी, मल्याळम काय बोलायचं ते बोला, चहा कोणीतरी करेल. देणगीदारांच्या नावाचा बोर्ड लावायचा असेल तर लावा, पण खड्डे खणणाऱ्यांची नावं त्यात नसतील तर मी माझी वर्गणी त्यात धरू नका म्हणून सांगणार आहे, आणि ती काही फार मोठी रक्कम नाहीये त्यामुळे कोणाला फरक पडणार नाही हे मला माहीत आहे.

तुमच्याकडे एकच विनंती. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण जपानचं काढू नका, आणि शक्यतो रविवारच्या आत छापा कारण सभा रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, वसई (पश्चिम)